येणाऱ्यांचा हात उजवा

आसगावच्या पलीकडे एका गावात खाजगी शाळा होती, तिथे घनश्याम सर इंग्रजी शिकवत. शिकवत बरे, पण नोकरी तात्पुरती. अठ्ठ्याहत्तर सालच्या तपासणीत शिक्षण खात्याच्या साहेबांचा शेरा चांगला पडला तर संस्था त्यांना कायम करणार होती, नाहीतर घरी बसा. त्यांच्या बायकोने, रत्नाबाईने, ते कायम झाल्याचं माहेरी आधीच सांगून टाकलं होतं.

सरांनी आठव्या वर्गाची तालीम सुरू केली. "साहेबासमोर मी प्रश्न विचारला का सगळ्यायनं हात वर करायचा. ज्याले येते त्यानं उजवा, ज्याले येत नाई त्यानं डावा. मी उजव्यावाल्यालेच उठवीन."

पाठ होता चांगल्या गुणांच्या इंग्रजी शब्दांचा. ऑनेस्ट हे विशेषण, ऑनेस्टी हे नाम, ऑनेस्टली हे क्रियाविशेषण. मग काइंड, काइंडनेस, काइंडली. पोरांना खोटे हात वर करायला लावून प्रामाणिकपणाची रूपं शिकवायची, यात काही विचित्र आहे हे सरांच्या ध्यानातही आलं नाही. कायम व्हायची घाई असली की माणसाला असलं काही सुचत नाही.

ही सगळी रूपं न अडखळता येणारी वर्गात एकच, वच्छला. सर जस्ट म्हणाले की तिचं जस्टिस तयार. पण पोरगी डावखुरी. तालमीत दरवेळी तिचा डावाच हात वर जाई. समजावून समजावून सर वैतागले.

"तुह्यानं घोटाळा होऊन राहिला. तू हातच नको करू वर."

"मले तं येते ना, सर."

"येते तं येते. बस खाली."

तपासणीच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर येऊन बसले. सरांनी ऑनेस्टचं नाम विचारलं. सगळा वर्ग हात वर करून बसला. वच्छलाचे दोन्ही हात तेवढे मांडीवर होते. साहेबांना नेमकं तेच दिसलं.

"ए मुली, उभी राहा. तुला येत नाही?"

वच्छलाने सरांकडे पाहिलं. येतं म्हणावं तर साहेब पुढे विचारणार, मग हात का नाही वर केला? ते तिला कळत होतं. सरांनाही कळत होतं. सरांनी खडूकडे पाहिलं.

"नाई येत, साहेब," ती म्हणाली.

मग सरांनी उजव्या हातवाल्या ईश्वरला उठवलं. त्याने ऑनेस्टी म्हटलं आणि साहेब खूश झाले. वच्छलाला त्यांनी तास संपेपर्यंत उभं ठेवलं. जाताना सरांना म्हणाले, "वर्ग उत्तम तयार केलात. ती एक सोडली तर."

सर कायम झाले. रत्नाबाईने शेजारीपाजारी पेढे वाटले. सरांनी आपला पेढा तसाच बशीत ठेवला.

दोन दिवसांनी वच्छलाची आई, पार्वताबाई, लेकीला घेऊन सरांच्या दारात आली. पोरीला साहेबांनी उभं ठेवल्याचा गावात बोभाटा झाला होता. पदरात तळ्यातले उकडलेले शिंगाडे होते.

"माफी करा, सर. पोरीनं साहेबासमोर तुमचं नाक कापलं. काहून नाई आलं म्हनून इचारलं, तं तोंडच उघडत नाई."

म्हणजे पोरीने घरीही सांगितलं नव्हतं. सरांना शरमेनं मेल्यासारखं झालं. आता तर भीतीही उरली नव्हती. कायम केल्याचा आदेश हातात होता. त्यांनी सगळा धीर गोळा केला.

"पार्वताबाई, तिले येत होतं."

पार्वताबाईचे डोळे भरून आले. "पाहा, कशी बाजू घेऊन राहिले पोरीची! दुसरा असता तं छडीनं फोडली असती. तुमच्यासारखे सर भेटले, नशीब हिचं."

शिंगाडे तिने ओसरीवर ओतले आणि लेकीला पुढे ढकललं. "पड सराच्या पाया."

वच्छला वाकली नाही. ती सरांच्या तोंडाकडे पाहत राहिली. पुढचं ते आता सांगतील म्हणून थांबली. सरांना ते दिसलं. त्यांनी तोंड उघडलं.

"राहू दे, राहू दे," ते म्हणाले.

तेव्हा ती वाकली.