शेवटच्या कडव्यातलं नाव

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. पत्ता विक्रोळी पार्कसाईट, डोंगरावर चढत गेलेल्या चाळींमधली वरून तिसरी चाळ, दहा बाय बाराची खोली. माझा रंग उडालाय, डाव्या दाराला पोचा आहे आणि उजवं दार उघडताना मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडतं. मित्रांनो, कपाटानं बढाई मारू नये हे मला कळतं. तरी सांगतो. मागच्या वर्षी ज्या गाण्यावर गावोगावच्या पोरी आरशासमोर नटल्या, ते गाणं माझ्या पोटात बसून गायलं गेलं. ऐकणाऱ्यांना हे माहीत नाही. त्या गाण्याबद्दल त्यांना फारसं काहीच माहीत नाही, आणि त्यात सगळी चूक त्यांचीच आहे असंही नाही.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडला आणि दोन दिवसांत मी उभा राहिलो. कुंडलिकनं मला लग्नाच्या महिन्यात घेतलं. टेम्पो चढावर थांबला, दोरी सुटली आणि मी आडवा झालो. हा पोचा तेव्हाचा. नवी नवरी द्रौपदी दारात उभी होती. ती म्हणाली, "पडलं तर पडलं. आता आपलंच आहे." त्या दिवसापासून मी तिचा.

कुंडलिक तेव्हा गायन पार्टीत होता. जयंतीच्या दिवसांत वस्तीवस्तीतून स्टेज बांधतात, तिथे पेटी-ढोलकी घेऊन गाणारी मंडळी असतात, त्यांतला तो. गळा असा की माईक बंद पडला तरी अडत नसे. गाणी मात्र द्रौपदी बांधायची. जालन्याकडची, सातवी पास. पोळ्या लाटताना तिला ओळी सुचायच्या. हात पिठाचे, लिहिणार कशी? मग ओळ पळून जाऊ नये म्हणून ती दहादा घोळवायची आणि हात धुतल्यावर वहीत उतरवायची. वही माझ्या लॉकरमध्ये. लोक लॉकरमध्ये सोनं ठेवतात. द्रौपदीकडे सोनं नव्हतं, सात वह्या होत्या.

या गाण्यांची एक रीत आहे, ती तुम्हाला माहीत हवी. शेवटच्या कडव्यात गाणं बांधणाऱ्याचं नाव येतं. त्याला छाप म्हणतात. ऐकणारा शेवटपर्यंत बसला की त्याला कळतं, हे कुणाचं आहे ते. वहीतल्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'द्रौपदी म्हणे' असं होतं.

पुढे स्टेजवर डीजे आला आणि पार्टी मोडली. कुंडलिक पवईत वॉचमन झाला आणि द्रौपदी तिथल्याच एका ऑफिसात काचा पुसायला जाऊ लागली. पहिल्या आठवड्यातच तिनं हे गाणं बांधलं:

*काच पुसता पुसता बाई, दिसले माझी मला*
*आत बसला साहेब त्याला, दिसेना मी कशाला?*

चार कडवी आहेत. शेवटचं असं:

*नाव काचेवर लिहिलं बोटानं, फडक्यानं ते गेलं*
*द्रौपदी म्हणे, गाण्यात ठेवलं, ते अजून नाही मेलं*

वही बंद झाली आणि बारा वर्षं ते गाणं माझ्या लॉकरमध्ये पडून राहिलं.

आता दीप्तीकडे येतो. ही त्यांची एकुलती एक. वय बावीस, घाटकोपरला एका लॅबमध्ये रिसेप्शनला बसते. बापाचा गळा घेतला आणि आईचा हट्ट. मोबाईलवर गाणी टाकायची. अडचण एकच होती, ती म्हणजे आवाज. आमच्या डोक्यावरून विमानं इतकी खाली जातात की चाकं मोजता येतात. शेजारी मिक्सर, खाली हॉर्न. शेजारचा नितेश मोबाईल दुरुस्त करतो, त्यातलं त्याला कळतं. तो एक दिवस माझ्याकडे बघत म्हणाला, "दीप्ते, कपाटात बस."

"वेडा झालास काय रे?"

"अगं, मोठे मोठे पण सुरुवातीला असंच करतात. कपडे आवाज खातात. बस तू."

डावीकडच्या फळ्या काढल्या. ती स्टुलावर बसून गायली आणि आवाज डब्यात पडलेल्या चमच्यासारखा आला. शेवटी मी पत्राच. द्रौपदी भाकरी थापता थापता बघत होती. ती उठली, तिनं चार गोधड्या माझ्या आत तिन्ही बाजूंनी टांगल्या आणि म्हणाली, "आता गा. आणि कपड्यांच्या घड्या तूच घालायच्या परत."

मित्रांनो, मी गंजत होतो, कुलूप बिघडलं होतं, भंगारवाला दोनदा येऊन मला ठोकून गेला होता. त्या रविवारी दुपारी माझ्या आत एक माणूस गायला आणि बाहेरचं विमान आत आलं नाही. त्याहून मोठं काम मी आयुष्यात केलं नाही.

ते काचेचं गाणं तयार झालं. टाकताना मोबाईलनं विचारलं, गीतकार कोण? नितेश म्हणाला, "काय टाकू? तुझी आई घरात म्हणते ते ना? मग पारंपरिक." दीप्तीनं मान डोलावली. हे मी लपवणार नाही. आई चार हातांवर कांदा चिरत होती. तिला विचारायचं दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पहिल्या महिन्यात ते गाणं दोनशे बारा लोकांनी ऐकलं. त्यांतले निम्मे चाळीतले.

मग मेकअप शिकवणाऱ्या एका बाईनं त्यातली पहिली ओळ उचलली. फक्त पहिली. 'काच पुसता पुसता बाई, दिसले माझी मला' म्हणत तिनं धुरकट आरसा पुसला आणि आत नटलेली दिसली. बस्स. दुसऱ्या दिवशी शंभर जणींनी आरसे पुसले, आठवड्यात लाखोंनी. नवरीनं पुसला, सलूनवाल्यानं पुसला, एका गृहस्थानं म्हशीसमोर आरसा धरून पुसला. आजकाल प्रसिद्धी अशी येते. पूर्वी गायकाला लोक रात्रभर बसून ऐकायचे आणि मग ठरवायचे. आता पंधरा सेकंद कापून घेतात आणि बाकीचं फेकून देतात, कोंबडीवाला पिसं फेकतो तसं. दुसरी ओळ, तो आत बसलेला साहेब, कुणाला नको होता. शेवटचं कडवं तर हजारात एकानंही ऐकलं नाही.

पण दीप्ती हवेत होती. तिनं हवेत असू नये असं मी म्हणणार नाही. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेले लोक तिच्यासोबत सेल्फी काढत होते.

मग अंधेरीच्या एका म्युझिक कंपनीतून मिहिर नावाचा माणूस घरी आला. बूट बाहेर काढले, चहा घेतला, वागायला चांगला होता. मला बघून तर तो उडालाच. "हेच ते कपाट? झकास! व्हिडिओत हेच घेऊ. हा पोचा, या गोधड्या, सगळं असंच ठेवा. एकदम रिअल वाटतं."

क्षणभर मीही फुललो. इतक्या वर्षांत माझ्या पोच्याचं कौतुक कुणी केलं नव्हतं.

"दीप्ती, आपण मोठा व्हिडिओ करू," तो म्हणाला. "तुझा चेहरा, तुझा आवाज. तीन महिन्यांत तू कुठे असशील बघ. फक्त शेवटचं कडवं काढावं लागेल."

"का?"

"तीस सेकंदांपुढे कुणी ऐकत नाही, यार. आणि त्यात ते एक नाव येतं ना, द्रौपदी म्हणे वगैरे. लोकांना वाटतं महाभारतातलं काहीतरी आहे. कन्फ्यूज होतात."

दीप्ती म्हणाली, "ते माझ्या आईचं नाव आहे. गाणं तिनं लिहिलंय."

मिहिरनं मोबाईल काढून तिच्यापुढे धरला. "पण तूच पारंपरिक लिहिलंयस. आतापर्यंत सहा जणांनी गायलं, सगळ्यांनी लोकगीत म्हणून टाकलं. आता अचानक आई कुठून आणणार? आमच्या वकिलाला ते झेपणार नाही. पारंपरिकच राहू दे. तुझं काय जातंय त्यात? शुक्रवारपर्यंत सांग."

तो गेला. खोलीत तिघं उरले आणि मी. द्रौपदीनं कपबशा उचलल्या, तिथेच थांबली आणि मुलीला विचारलं, "पारंपरिक म्हणजे काय गं?"

"म्हणजे... जुनं. कुणी लिहिलं ते माहीत नसतं तसलं."

"म्हणजे मेलेल्या माणसांचं."

"तसं नाही गं आई."

"तसंच आहे. मी इथं चार हातांवर कांदा चिरत होते आणि तुम्ही मला मारून टाकलंत. बरं केलंत, रडायला कांदा आयताच होता."

दीप्ती रडायला लागली. कुंडलिकला मुलीचं रडणं बघवत नाही. तो म्हणाला, "जाऊ दे ना द्रौपदी. पोरीला असा चान्स पुन्हा येणार आहे का? नावाचं काय घेऊन बसलीस? नाव गेलं तरी गाणं राहतंय ना?"

द्रौपदीनं कपबशा खाली ठेवल्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही बोलू नका हां यात. वीस वर्षं स्टेजवर 'कुंडलिक म्हणे' कोण गात होतं?"

मित्रांनो, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या दाराला आरसा आहे आणि कुंडलिक त्याच्यासमोर उभा राहून रियाज करायचा. वही लॉकरमधून काढायचा, चाल बसवायचा आणि शेवटच्या कडव्याला आला की 'द्रौपदी'च्या जागी बेधडक स्वतःचं नाव म्हणायचा. कडवं लंगडायचं, पण त्याच्या गळ्यानं ते झाकलं जायचं. टाळ्या त्याला, हार त्याला. हार घरी आला की तो माझ्या हँडलला अडकवायचा. मी वीस वर्षं ते हार मिरवले. म्हणजे मीही काही साधू नाही.

दीप्तीला मात्र हे नवीन होतं. तिनं डोळे पुसले. "पप्पा, खरं?"

कुंडलिक म्हणाला, "तेव्हा सगळे म्हणायचे, बायकोची गाणी गातोय. हसायचे. म्हणून बदललं." आणि मग, "पण शेवटचं कडवं बदलणं लई सोपं असतं, बेटा. तोपर्यंत लोक उठायला लागलेले असतात, चपला शोधत असतात. मी केलंय, मला माहितीये. तुम्ही छाप शेवटी ठेवलीत तर कुणीपण कापणार. पुढे घाला."

"पुढे म्हणजे?"

"पहिल्या ओळीत. ज्या ओळीवर सगळे नाचतायत ना, तिच्यातच. अशी बसवा की काढली तर चालच पडली पाहिजे."

द्रौपदीनं नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला गाण्यातलं काही दिलं असेल तर ते हे. ती म्हणाली, "चोराला बरोबर माहीत असतं, कडी कुठं कच्ची आहे." आणि लाटणं हातात घेऊन बसली. पीठ मळलेलं नव्हतं. नुसतंच पोळपाटावर लाटणं फिरवत राहिली, घोळवत राहिली. तासाभरानं ओळ आली:

*द्रौपदी म्हणे, काच पुसता, दिसले माझी मला*

'द्रौपदी म्हणे' अशा जागी बसलं होतं की ढोलकीची थाप नेमकी त्या नावावर पडायची.

शुक्रवारी दीप्तीनं मिहिरला फोन केला. "गाणं घ्या, आईसकट घ्या. तसं नको असेल तर माझा आवाजपण नको." पलीकडून तो बराच वेळ समजावत होता. ती 'हो हो' म्हणत ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "नाही." कुंडलिकनं ढोलकी खाली काढली. द्रौपदीनं गोधड्या टांगल्या. दीप्ती माझ्या आत बसली.

या वेळी मोबाईलनं विचारलं, गीतकार कोण? नितेश उघड्या दारातून ओरडला, "मावशी, पूर्ण नाव सांगा तुमचं!"

आता तुम्हाला वाटेल की हे दुसरं गाणं पहिल्याहून गाजलं. नाही गाजलं. मी खोटं सांगणार नाही. कंपनीनं दुसरी मुलगी घेतली, दुसरं कपाट घेतलं, पोचा बहुतेक हातोडीनं पाडला. ते 'पारंपरिक' गाणं लग्नांत वाजतं. आमचं नऊ हजार लोकांनी ऐकलं आणि दीप्ती सकाळी लॅबला जाते.

पण मागच्या महिन्यात मुलुंडच्या कुठल्यातरी मुलीनं आमचं गाणं तिच्या स्वयंपाकघरात गाऊन टाकलं. तिनंही पहिलीच ओळ घेतली होती, पण त्या ओळीत नाव होतं. काढायला गेलं तर चाल कोसळते, म्हणून ते राहिलं. दीप्तीनं आईला ऐकवलं. अनोळखी गळ्यातून 'द्रौपदी म्हणे' आलं. द्रौपदीनं ते तीनदा ऐकलं. आम्हाला वाटलं, आता ही रडणार.

ती म्हणाली, "'पुसता'वर घाई करतीये पोरगी. तिचा नंबर काढ, सांगते तिला."

काढला नंबर. आता रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल चालतो. मुलुंडची ती सई गाते आणि आमची बाई, काचा पुसून आलेली, पाय पसरून बसते आणि चुका काढते. सई तिला 'मॅडम' म्हणते. चाळीत तिला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

मित्रांनो, माझं म्हातारपण आलं आहे. माझ्या बिजागऱ्यांना थेंबभर तेल मिळालं तर बरं वाटेल, पण तेवढ्यासाठी मी एवढा वेळ बोललो नाही. गाणं आवडलं तर कापा, नाचा, म्हशीला आरसा दाखवा, माझी ना नाही. फक्त एकदा तरी शेवटच्या कडव्यापर्यंत थांबा. तिथे कुणीतरी आपलं नाव सांगायला उभं असतं.