वहिनी नापास

गोदामात त्याला सगळे हळूसर म्हणायचे. फोर्कलिफ्ट शिकवताना दर दोन वाक्यांमागे त्याच्या तोंडून 'हळू' निघायचं, म्हणून. या नावाचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. त्याच्या हाताखाली शिकलेल्या कुणी आजवर रॅक पाडला नव्हता की कुणाच्या पायावरून चाक नेलं नव्हतं, आणि याचं श्रेय त्या दोन अक्षरांनाच आहे असं तो मनोमन धरून चालायचा.

त्या वर्षी कंपनीने पॅकिंगमधल्या बायकांनाही फोर्कलिफ्ट शिकायची मुभा दिली. पहिल्या तुकडीत ज्यांची नावं आली, त्यात एक नाव हळूसरच्या सख्ख्या थोरल्या वहिनीचं होतं. तिने घरात कुणाला विचारलं नव्हतं. दादाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "या वयात?" वहिनी म्हणाली, "त्या यंत्राला माझं वय सांगायचं नसतं." विषय तिथेच मिटला.

हळूसरची मात्र पंचाईत झाली. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तो शाळेत होता. आई कामावर जायची, म्हणून संध्याकाळी त्याचे पाढे वहिनीच घ्यायची. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्याने आयुष्यात कधी तिच्यापुढे मान वर करून 'तुमचं चुकतंय' म्हटलं नव्हतं. आणि आता तिला शिकवायचं, तेही लोखंडाच्या धुडावर बसवून.

नेमकं त्याच सुमाराला कंपनीने त्याला शिकवणाऱ्यांच्या शिबिराला पाठवलं. तिथल्या बाईंनी दोन गोष्टी ठासून सांगितल्या. मोठ्या माणसांना चुकायची भीती नसते, चुकताना कुणी बघेल याची असते, म्हणून आधी कौतुक करा. आणि माणूस का शिकायला आला आहे ते शोधून काढा, म्हणजे त्याला ओढून न्यावं लागत नाही. दोन्ही गोष्टी हळूसरला पटल्या. दुसरी त्याने बसमध्येच निकालात काढली. वहिनी का आली? पगार वाढेल म्हणून, आणखी कशाला. राहिलं कौतुक. ते तर फुकटच होतं.

पहिल्या दिवशी गोदामामागच्या सिमेंटच्या आवारात तुकडी जमली. वहिनी हेल्मेट घालून उभी होती, पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला.

"सर म्हणू की भाऊजी?" तिने सगळ्यांदेखत विचारलं.

"काहीही म्हणा, वहिनी."

"मग इथे सर. घरचं घरी बघू."

बाकीचे हसले. त्यात सर्वात मोठ्याने हसला तो तबलजी. हा पूर्वी माल चढवायचा. स्टिअरिंगवर बसलं की त्याची बोटं आपोआप ताल धरायची, म्हणून हे नाव.

फोर्कलिफ्टची गंमत अशी की तिची पुढची नाही, मागची चाकं वळतात. वळताना माल उचलणारे पुढचे काटे जागच्या जागी फिरल्यासारखे वाटतात आणि मागचं टोक भसकन बाहेर जातं. नवखा माणूस पुढे बघत राहतो आणि मागे काहीतरी आडवं करतो. तबलजीने पहिल्याच वळणावर प्लास्टिकचा शंकू उडवला.

"थांब," हळूसर म्हणाला. "उतर खाली. जाऊन बघ काय केलंस ते. हळू म्हटलं की हळूच."

वहिनीनेही तोच शंकू उडवला.

"छान," हळूसर म्हणाला. "जवळजवळ जमलंच."

असं पुढेही चालू राहिलं. वहिनी खड्ड्यातून गेली तरी 'वा', काटे मालाखालच्या पॅलेटच्या फळीला घासले तरी 'होतं असं'. वहिनी गाडीवरून उतरून कडेला उभी राहायची आणि दुसऱ्यांना बसणारी बोलणी लक्ष देऊन ऐकायची. तबलजी एकदा तिच्या कानाशी लागून म्हणाला, "तुमची मजा आहे. आम्हाला रोज पोटभर मिळतं, तुम्हाला नुसती खीर." ती हसली नाही.

मग एक दिवस बोजा पडला. पॅलेटवर रिकाम्या खोक्यांची चळत होती. वहिनीने ती उचलली आणि काटे वर जात असतानाच गाडी वळवली. चळत कलली आणि आवारभर खोकी विखुरली. कुणाला लागलं नाही. खोकी गडगडायची थांबली तसे सगळे हळूसरकडे बघायला लागले.

त्याने नेहमीप्रमाणे वेळ मारून नेली. "काही हरकत नाही. मुळात रचलंच नीट नव्हतं."

वहिनीने चावी बंद केली, खाली उतरली, एक एक खोकं गोळा केलं आणि पुन्हा रचून ठेवलं. त्या दिवशी ती परत गाडीवर बसली नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होता तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली.

"बोजा कुणी रचला होता?"

"तुम्ही," तो म्हणाला.

"नीट नव्हता?"

त्याने आवाराकडे पाहिलं. चळत एका रेषेत उभी होती, ओळंबा लावल्यासारखी. पॅकिंगमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे अख्ख्या गोदामाला ठाऊक होतं.

"नीट होता," तो म्हणाला.

"मग पडला कसा?"

"बोजा वर चढत असताना तुम्ही गाडी वळवलीत. आधी उचलायचं, मग खाली घ्यायचं, मास्ट, म्हणजे काट्यांचा उभा खांब, मागे झुकवायचा आणि मगच वळायचं."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

वहिनी रागावली की 'तुम्ही'वरून 'तू'वर यायची. लहानपणापासून त्याला याचीच धास्ती.

"चारचौघांत तुम्हाला कसं बोलू?"

"तबलजीला बोलतोस ना? का बोलतोस? त्याला येईल असं वाटतं म्हणून. मला येणारच नाही असं धरून चालला आहेस. त्यात मला जे येतं त्यालाच नावं ठेवलीस." तिने वाहता नळ बंद केला. "सतराच्या पाढ्यात तू दरवेळी अडायचास. मी 'वा, वा' म्हणत बसले असते तर?"

हळूसर ओले हात शर्टाला पुसत राहिला. "मला वाटलं, तुमचा हिरमोड झाला तर तुम्ही सोडून द्याल. वाढीव पगार हातचा जाईल."

"पगार वाढला तर मी काही नको म्हणणार नाही," वहिनी म्हणाली. "पण इतकी वर्षं वरच्या फळीवरचं एक खोकं हवं असलं की मी गाडीवाल्याची वाट बघत उभी राहते. तो चहा पिऊन येणार, मग माझ्यावर उपकार करणार. मला माझं काम कुणाच्या तोंडाकडे न बघता करायचंय. हे तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हळूसरने तिला गाडीवर बसवलं नाही. तबलजीला बसवलं आणि वहिनीला बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं केलं. "फक्त मागचं टोक बघा. पुढे काय होतं ते विसरा." तबलजीने गाडी तीनचारदा वळवली. मग वहिनी चढली. पहिल्याच फेरीत शंकू पडला.

"थांबा," तो म्हणाला. शब्द तोंडातून निघायला जड गेला, पण निघाला. "काय झालं, तुम्हीच सांगा."

"लवकर वळवली."

"किती लवकर?"

"पुढचं चाक शंकूच्या रेषेत यायच्या आधीच."

"मग आता तिथून पुन्हा."

त्या आठवड्यात आवारात बोलणं फार वाढलं. ज्याचं चुकलं त्यानेच काय चुकलं ते सांगायचं, आणि त्याला नाही कळलं तर बघणाऱ्यांनी सांगायचं, असं आपसूक ठरून गेलं. वहिनी तबलजीच्या चुका काढायची, तबलजी वहिनीच्या, आणि दोघांपैकी कुणीच राखून बोलत नव्हतं. हळूसरचं 'हळू' कमी झालं, कारण आता ते सगळेच म्हणत होते. एकदा वहिनीने अरुंद गल्लीतून बोजा न घासता बाहेर काढला तेव्हा तो म्हणाला, "हे जमलं." एवढंच. तिने मान हलवली, पण गाडी लावून उतरताना ती जरा ताठ चालत होती.

परीक्षा हळूसरनेच घ्यायची होती. वहिनीचं उचलणं, झुकवणं, ठेवणं, सगळं स्वच्छ झालं. शेवटी गाडी मागे घेताना तिने खांद्यावरून मागे पाहिलं नाही. मागे कुणीच नव्हतं. तो सोडून कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्याने क्षणभर पेन हवेत धरलं आणि मग नापास लिहिलं.

वहिनीने उतरून हेल्मेट काढलं. "मागे नाही बघितलं ना?"

"नाही बघितलंत."

"हं," ती म्हणाली आणि निघून गेली.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. "सख्ख्या वहिनीला नापास करून आलात," बायको म्हणाली, "आणि वर चहा मागताय." तिने चहा दिला, पण कप टेबलावर जरा जोरातच ठेवला. थोड्या वेळाने दादाचा फोन आला. "अरे, घरातलं माणूस. जरा सांभाळून घ्यायचं होतंस."

"सांभाळूनच घेतलं, दादा," हळूसर म्हणाला. दादाला ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्याने फोन ठेवला. त्या रात्री हळूसरला झोप जरा उशिरानेच लागली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर वहिनी आवारात हजर होती. रोज थोडा वेळ ती फक्त गाडी मागे घेण्याचा सराव करायची. चावी लावायच्या आधी उजवीकडून मागे, डावीकडून मागे, मग हात गिअरवर. फेरपरीक्षेला तिने इतक्यांदा मागे वळून पाहिलं की तबलजी म्हणाला, "अहो, मान दुखेल." ती पास झाली. हळूसरने तिच्या हातात परवाना दिला तेव्हा ती म्हणाली, "आभारी आहे, सर." मग हळूच, "घरी या रविवारी. दोघं या. तुमची बायको माझ्या वतीने तुमच्याशी भांडते म्हणे, तिला समजवायला हवं."

पावसाळा सरता सरता पुढची तुकडी आली. सगळ्यांना हेल्मेट वाटून झाल्यावर हळूसरने गाडीची चावी खिशातच ठेवली आणि एकेकाला विचारलं, तुम्ही कशाला आलात? कुणी म्हणालं पाठ दुखते, माल उचलवत नाही. कुणी म्हणालं साहेबांनी पाठवलं. मागच्या रांगेतली एक बारीकशी मुलगी म्हणाली, तिला त्या गाडीचा हॉर्न वाजवायला आवडेल.

कुणीतरी फिदीफिदी हसलं. हळूसर हसला नाही.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "कोपऱ्यावर हॉर्न लागतोच. चल, तूच बस आधी."