यथाशक्ती

पेनाच्या निळ्या टोपणावर दातांच्या खुणा होत्या... अर्जनवीस भगवानराव विचार करताना टोपण चावत असणार, आणि आज विचार चालला होता सुचित्राबाईच्या मरणाचा, यवतमाळच्या तहसीलीच्या आवारात, कडुनिंबाखाली, भर दुपारी.

मरणाचा कुठे, घराचा. दोन खोल्या आणि पडवी, नवऱ्यानं, कमलाकररावांनी, जाण्याआधी तिच्या नावावर बांधलेली. मुलगा साकेत नागपूरला. मुलगी प्राची चार वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली ती इथंच. मी गेल्यावर साकेत तिला ठेवील का? ठेवील की — पण पाहुण्यासारखी, आणि पाहुण्याला कधीतरी निघावंच लागतं... म्हणून घर प्राचीला, वावर साकेतला. वावरातला कापूस यंदाही अळीनंच खाल्ला होता, पण मुलाला वावर दिलं, हे ऐकायला बरं वाटतं.

"वाचतो काकू. '...मुलगी प्राची हिचे लग्नात यथाशक्ती देणेघेणे झालेले असल्याने तिचा माझे मिळकतीत हक्क राहिलेला नाही. माझे राहते घर मुलगी प्राची हिला द्यावे...'"

"हे काय भगवानराव?"

"सवय हो. हे वाक्य सगळ्यांतच राह्यते."

बाकावर तिच्या शेजारी तांड्यातली लालीबाई अळीच्या नुकसानीचा अर्ज लिहून घ्यायला बसली होती. ती फिस्सकन हसली. "एका हातानं हाकलून राह्यला, अन् दुसऱ्या हातानं किल्ली देऊन राह्यला काय गा भाऊ?"

यथाशक्ती... सुचित्राबाईला आठवलं, या शब्दाखाली मी एकदा सही केली आहे. सव्वीस वर्षं झाली — वडिलांच्या घरातला हिस्सा चारुदत्तदादाला सोडला, तेव्हाचं हक्कसोडपत्र. वहिनीनं अंजिरी साडी दिली, दादानं डोसा खाऊ घातला, आणि कुणी विचारलं नसताना मीच म्हणाले, मला काय लागतंय दादा! साडी सुंदर होती, हाच तर वांधा. भिकार असती तर कधीतरी भांडले तरी असते.

"खोडा."

"यथाशक्ती तेवढं ठेवू काय? बरं दिसते."

"सगळं खोडा."

खोडलं. खोडल्याजागी तिची सही, शेवटी आणखी एक; मग साक्षीला चहावाल्याची सही आणि लालीबाईचा अंगठा.

"साकेतभाऊले सांगतलं काय?" भगवानरावांनी टोपण लावत विचारलं.

"नाही."

"सांगान ना पण?"

"बघू."

मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातो, असं सासूबाई म्हणत. सुचित्राबाईला तर भूक लागली होती, निर्लज्ज, कडकडून. तिनं मुद्दाम साकेतचा आवाज कानात आणून पाहिला — आई, मला विचारायचं तरी! — आणि त्याचं खरंच होतं, विचारायला हवं होतं. तरीही छातीत नेहमीसारखं काही आकसलं नाही. पुन्हा आणून पाहिला. नाही.

लालीबाई अर्ज सांगायला पुढे सरकली. बाक मोकळा झाला. आता निघायला हवं, असं मनाशी म्हणत सुचित्राबाई बसूनच राहिली — ऐसपैस, जितकी होती तितकी सगळी जागा घेऊन.