अजून केसभर

पाळण्याची कडी कुरकुरली तशी मयुरीने हातातलं झाकण पटकन मांडीखाली दडवलं, चोरी पकडल्यासारखं. बाळ काही उठलं नाही. दुपार पुन्हा गप्प झाली.

बाळंतपणाला ती मोहर्लीला, माहेरी आली त्याला तीन महिने झाले होते. रविवारी नागभीडला परत जायचं होतं, आणि त्याआधी बाबांची ही शेवटची डबी पुरी करायची होती. बाबा, म्हणजे डोमाभाऊ, गेले तेव्हा काळ्या दगडाची डबी तयार होती. लाल पट्ट्यांच्या अकीकचं झाकण तेवढं बसायचं राहिलं होतं.

बाबा दगड निवडायचे जिभेने. नाल्यातला खडा चाटला की रंग उमलायचा. "हा काळा गोटा म्हंजे आगीचा चिखल होता वो पोरी," ते सांगायचे, "त्याच्या पोटातल्या भोकात हे अकीक पिकलं." मयुरीही चाटायची. आई करवादायची, "बाप चाटे, लेकही चाटे! घरी भाकर नाई का?"

झाकण उलटं केलं की पेन्सिलीचं अक्षर दिसायचं: 'मयुरी, अजून केसभर.' किती घासायचं उरलं ते बाबा दगडावरच लिहीत. पाणी शिंपडून घासायचं काम लेकीचं. ती सासरी गेली तरी नाव लिहायची त्यांची सवय सुटली नव्हती. घासताना अक्षरं जायची, तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नसे.

आता झाकण नेमकं त्या अक्षरांपाशीच अडत होतं. चार दिवस ती उगाच कडा घासत होती.

रुखमाबाई तांदूळ पाखडत होती. "कडेले काऊन घासून राह्यली? अडते तिथी घास ना."

"तिथी बाबाचं अक्षर हाय, आई."

"मंग राहू दे उघडीच. अर्धी डबी ठेवून तुया बाबाले झोप लागत होती का?" आई म्हणाली. सूप मात्र थांबलं होतं.

मयुरीने पाणी शिंपडलं. वीस हात मारले, मग आणखी दहा. आधी 'केसभर' गेलं, मग 'अजून'. स्वतःचं नाव जाताना तिने डोळे मिटून घेतले.

झाकण बसलं. फटीत नख घालून पाहिलं, नख शिरेना.

तिची पाच वर्षांची थोरली, दिव्यानी, कधीची उकिडवी बसून बघत होती. तिने डबी दोन्ही हातांनी उचलली, उलटीपालटी केली.

"आई, शाळेत नेऊन दाखवीन मी. कोनं बनवली म्हनून सांगू? आबाजीनं का तूनं?"