शिवदासआजोबांची चाकांची तिरडी

मुलांनो, जरा माझ्यासोबत या आणि विक्रोळीतल्या एका चाळीचं अंगण डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला मंडळाची खोली, दुसऱ्या बाजूला दोरीवर वाळणारे कपडे. सकाळचं ऊन भिंतीवरून निम्मं खाली आलंय. अंगणाच्या मधोमध एक लोखंडी तिरडी उभी आहे. तिरडी म्हणजे काय, माहीत आहे ना? माणूस गेला की त्याला ज्यावरून स्मशानात नेतात, ती. बहुतेक ठिकाणी ती बांबूची असते, एकदाच वापरतात आणि टाकून देतात. ही मात्र पाइपांची आहे, आणि हिला चाकं आहेत.

ही तिरडी ज्यांनी केली, तेच शिवदासआजोबा आज तिच्यावर निजले आहेत. अंगावर पांढरी चादर, उशाशी मेणबत्ती.

आजोबा कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही तिरडी चाळीसाठी केली, म्हणजे कुणाच्या घरी मरण आलं तर निदान बांबूसाठी तरी धावाधाव नको. करोनाच्या काळात खांदा द्यायला चार माणसं मिळेनात, तेव्हा त्यांनी भंगारातून एका जुन्या स्ट्रेचरची चाकं आणून खाली बसवली. पायाने दाबायचा एक ब्रेकही लावला. जिन्याच्या वळणावर तिरडी अडकायची, म्हणून पायांकडचा आडवा पाइप काढता येईल असा ठेवला. चाकांना तेल घालायचं काम त्यांच्या नातीकडे होतं. तेजल तिचं नाव. वय दहा.

"जिना संपला की हा पाइप पहिला जागेवर घालायचा," ते तिला सांगायचे. "नाहीतर उतारावर माणूस घसरून खाली येईल. मेलेला असला म्हणून काय झालं?"

आणि अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी चाळीतल्या सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मी गेलो की मला हिच्यावरूनच न्या. ट्रक नको, बँड नको. गॅसच्या दाहिनीत ठेवा, लाकडंसुद्धा नकोत. माझ्या मरणापायी किरणची रिक्षा विकली जाता कामा नये."

किरण म्हणजे तेजलचे पप्पा. घर त्या रिक्षावर चालायचं.

बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. कुणालाही इजा करणार नाही, असं सगळ्यांनी हात जोडून त्यांच्यामागून म्हटलं. ते शब्द हवेत असतानाच गल्लीच्या तोंडाशी फुलांनी मढवलेला ट्रक येऊन थांबला. मागून बँडवाले उतरले. त्यांच्या पुढे तेजलचे मोठे काका, आकाश, आणि त्यांचे दोन धिप्पाड मित्र. काका कांदिवलीला राहायचे.

त्यांनी तिरडीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे काय रे किरण? बाबांना भाजीच्या गाडीवरून नेणार तू?"

"दादा, त्यांनीच सांगितलंय. विचार सगळ्यांना."

"म्हातारी माणसं बोलतात तसं. माझी चार माणसं आलीत, त्यांच्यासमोर इज्जत काढतोस माझी? ट्रक सांगितलाय, बँड सांगितलाय, चंदन सांगितलंय. अर्धा खर्च तुझा."

"माझ्याकडे नाहीत एवढे."

"रिक्षा आहे ना? वीक."

"आणि मग खाऊ काय? तुझ्या ट्रकची फुलं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांचा चेहरा लाल झाला.

"आकाश, ऐक रे," नंदाआजी तिरडीच्या कडेला बसूनच म्हणाली. "त्यांचीच इच्छा होती."

"तू गप्प बस आई!"

आता किरणचा आवाज चढला. "तिला गप्प करू नकोस. बाबा आजारी होते तेव्हा कुठे होतास? तेव्हा ट्रक नाही मिळाला वाटतं यायला?"

मुलांनो, यापुढचं ऐकायला अवघड आहे, पण मी ते गोड करून सांगणार नाही.

काकांनी पहिला ठोसा थेट तोंडावर मारला. किरणच्या ओठातून रक्ताची धार लागली. त्यानेही काकांची कॉलर धरली आणि डोक्याने त्यांच्या नाकावर धडक दिली. दोघं भाऊ एकमेकांना कवटाळून मेणबत्तीवर पडले. काकांचे मित्र धावले. एकाने किरणचे केस धरून त्याला उठवलं, दुसऱ्याने पोटात लाथ घातली. बौद्धाचार्य मध्ये पडले, तर त्यांचा चष्मा उडून कुणाच्या तरी बुटाखाली चुरडला. तेजलची आई, माधुरी, एकाच्या हाताला कडकडून चावली. त्याने तिला झटकलं आणि ती मंडळाच्या दारावर जाऊन आदळली.

धक्क्याने तिरडी कलली. आजोबांचा एक हात चादरीबाहेर येऊन लोंबकळला. आजीने किंकाळी फोडली आणि त्यांच्या अंगावर आडवी झाली, ते खाली पडू नयेत म्हणून.

तेवढ्यात काकांनी पायांकडचा तो आडवा पाइप फिरवून खेचून काढला.

"दादा, नको..." किरण म्हणाला.

पाइप खांद्यावर बसला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. किरण गुडघ्यांवर कोसळला. त्याचा उजवा हात सुतळीने बांधल्यासारखा नुसता लटकत राहिला. दुसरा फटका पाठीत. तिसरा चुकला आणि फरशीवर ठिणगी उडाली.

"आता कोण खांदा देतो बघू!" काका ओरडले. त्यांच्या नाकातलं रक्त हनुवटीवरून शर्टावर ठिबकत होतं. "बाबा ट्रकमधूनच जाणार. या पुढे! कोणाला यायचंय? या!"

कुणी आलं नाही. चाळीतली माणसं भिंतीला टेकून उभी. बँडवाले ढोल पोटाशी धरून मागे सरकलेले. माधुरी किरणचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पाइपाच्या टोकावरून एक थेंब खाली पडला.

तेजल दोरीवरच्या कपड्यांआड होती. ती बाहेर आली. ती तिरडीपाशी गेली, आजोबांचा हात उचलला आणि चादरीत घातला. मग आजीला म्हणाली, "आजी, ऊठ. आपण आजोबांना नेऊ. खांदा नाही लागत."

"ए पोरी, हो बाजूला," काका म्हणाले.

"काका, पाइप द्या."

"काय?"

"पायांकडचा आहे तो. पुढे उतार आहे. पाइप नसला तर आजोबा घसरतील."

"बापाने शिकवून पाठवलंय काय तुला?"

"नाही. आजोबांनी."

काकांनी तिच्या कानाखाली मारली. सगळ्या अंगणाला ऐकू गेली. तेजल गोल फिरून पडली, तिचं कपाळ तिरडीच्या चाकावर आपटलं आणि भुवईच्या वर कातडी फाटली.

"आकाश!" आजी उभी राहिली. एवढा मोठा आवाज तिचा कुणी कधी ऐकला नव्हता. "तुझ्या बापाच्या अंगावर हात टाकायचा राहिलाय बघ. तोही टाक. आवरून घे एकदाच!"

काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग खाली पडलेल्या पुतणीकडे. त्यांची बोटं सैल झाली. पाइप सुटला, फरशीवर वाजत वाजत घरंगळला आणि तेजलच्या पायाशी येऊन थांबला.

तेजल उठली. डाव्या डोळ्यात रक्त उतरत होतं. तिने दोन्ही हातांनी पाइप उचलला. तो तिच्या कमरेएवढा लांब होता.

काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांचे मित्र मागे हटले. "तेजू, नको गं," माधुरी पुटपुटली. किरणने मान वर केली. काकांनी डोळे मिटले. त्यांनी हात वर केला नाही, हटलेही नाहीत.

तेजलने पाइपावरचं रक्त आपल्या फ्रॉकला पुसलं. मग ती वळली, पाइप तिरडीच्या पायांकडच्या भोकात घातला, आजोबांनी शिकवला होता तसा अर्धा फिरवून घट्ट बसवला, आणि ओढून पाहिला. हलला नाही. ती उशाकडे गेली, पायाने ब्रेक सोडला, आणि दोन्ही हात लावून ढकलायला लागली.