शिवेखालचा कोळसा

बसा मित्रांनो, खुशाल माझ्यावर टेकून बसा. मी शिवेचा दगड आहे, टेकू देण्यापलीकडे आता माझ्याकडून काही होत नाही. मात्र समोर खाली तो करड्या गाळाचा तलाव दिसतो ना, त्याच्या बांधावर एक डोळा असू द्या. त्या बांधाखाली एक झरा आहे, आणि झऱ्याखाली आमचं गाव, सान हासिन्तो. माझी गोष्ट ऐकताना बांधाकडे काही हललं, तर मला मध्येच तोडा. मी रागावणार नाही.

माझा जन्म याच डोंगरातला. स्पेनच्या राजाचा अंमल होता तेव्हा एक अधिकारी खेचरावर बसून वर आला. त्याला दम लागला होता, म्हणून तो खाली उतरलासुद्धा नाही. बसल्या जागेवरून त्यानं बोट फिरवलं आणि सांगितलं, की खालच्या नदीपासून वरच्या झऱ्यापर्यंत सगळं शिवार आजपासून सान हासिन्तोचं. इथे पिढ्यान्‌पिढ्या बटाटे लावणाऱ्या लोकांना कुणी काही विचारलं नाही. बोट फिरलं आणि गाव झालं, हद्दीसकट.

मग एका पाथरवटानं माझ्या कपाळावर क्रूस कोरला आणि मला झऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं. त्याआधी खड्ड्यात त्यांनी ओंजळभर कोळसा टाकला. कारण साधं होतं. दगड काय, बैल जुंपले की ओढता येतो. कोळसा मात्र पुरला तिथेच राहतो आणि शेकडो वर्षं कुजत नाही. उद्या कुणी शीव सरकवली, तर जमीन उकरायची. कोळसा निघेल तिथे खरी शीव.

माझे दिवस मोठे मजेचे होते, मित्रांनो. दर वर्षी कार्निव्हलच्या सणाला अख्खं गाव शीव चालायला निघायचं. पुढे ढोल, मागे बायका, मध्ये मुलं. माझ्यावर मक्याची दारू शिंपडायचे, गळ्यात रानफुलांची माळ घालायचे आणि वर दटावायचेही, की म्हाताऱ्या, जागा सोडलीस तर बघ. मग एकेका मुलाचं कपाळ माझ्या कपाळाला टेकवायचं आणि मोठ्यांनी विचारायचं, "खाली काय आहे?" मुलं ओरडायची, "कोळसा." "तो काय करतो?" "कुजत नाही, चालत नाही, खोटं बोलत नाही." लगेच मुठीत भाजलेला मका मिळायचा. मला तो कोलाहल फार आवडायचा.

खाली नदीकाठी माझा धाकटा भाऊ उभा होता. तिथल्या जमीनदारानं एकदा बैल लावून त्याला आत ढकललं. गावकऱ्यांनी न्यायाधीशाला आणलं, जमीन उकरली आणि कोळसा निघाला. जमीनदाराला मान खाली घालून मागे सरावं लागलं. त्या वर्षी आम्हा दगडांचा काय थाट होता म्हणून सांगू.

पण पुढे राजा गेला, नवं सरकार आलं. राजधानीत कुणीतरी नकाशावर एक रेघ ओढली आणि नदीकाठ दुसऱ्या जिल्ह्यात गेला. कोळसा होता तिथेच होता, त्याला कुणी विचारलंच नाही. भावाचं पुढे काय झालं? एका गोठ्याची पायरी झाली. नंतर पूर्वेचं कुरण मेंढ्यांच्या एका बड्या मालकानं गिळलं. त्याच्यामागोमाग वरवंट्याच्या आकाराचा माझा दुसरा भाऊ गेला आणि चुलत्यांपैकी तर एकही उरला नाही. गरम पाण्यात घातलेल्या लोकरीच्या कापडासारखं आमचं शिवार आक्रसत गेलं. शेवटी गाव, झरा आणि मी, एवढंच उरलं. कार्निव्हलची फेरी जेवणाच्या वेळेआधीच संपू लागली. म्हातारी माणसं माझ्याजवळ बसून नदीकडे बघत राहायची.

अशा दिवसांत लादिस्लाओ गावचा प्रमुख झाला. प्रमुखपदाची खूण असलेली चांदीच्या टोकाची काठी त्याच्या हाती आली. माणूस वाईट नव्हता हो. लहानपणी माझ्या कपाळावर डोकं आपटून रडलेला तोच. त्याची थोरली बहीण सातुर्निना झऱ्याची राखणदार होती. झरा उपसायचा, पाट साफ करायचे, कुणाला पाणी केव्हा द्यायचं ते ठरवायचं, हे सगळं तिच्याकडे. तोंडानं फटकळ, पण पाण्याच्या वाटणीत सख्ख्या भावालाही झुकतं माप द्यायची नाही.

तेवढ्यात खाणवाले आले. त्यांना गाळ साठवायला झऱ्याच्या वरचं कुरण हवं होतं. ते कुरण आमचं नव्हतं. ते वरच्या मेंढपाळांच्या पुकारा नावाच्या वस्तीचं. मेंढपाळांनी साफ नकार दिला. तेव्हा खाणवाल्यांनी गोड आवाजात विचारलं, की कुरण नक्की पुकाराचंच आहे ना? तुमचं असेल तर पक्का रस्ता मिळेल, पोरांना कामं मिळतील, आणि हो, तुमचं गाव पुन्हा मोठं होईल. रस्त्याचं लादिस्लाओनं मनावर घेतलं नसतं. शेवटचा शब्द मात्र त्याच्या काळजात रुतला.

गावच्या संताचा उत्सव होता. सगळे चौकात नाचत होते. भर दुपारी, दाट धुक्यात, तो दोन खेचरं घेऊन वर आला आणि मला ओढत कुरणाच्या पार वरच्या टोकाला, या इथे, घेऊन आला. माझा जुना कोळसा त्यानं वेचून ओढ्यात फेकला. इथे नवा खड्डा खणला, नवा कोळसा टाकला. पाटाला पाणी कमी का आलं ते बघायला सातुर्निना चढून आली होती. तिनं त्याला पाहिलं.

"काय करतोयस हे?"

"गाव वाढवतोय."

"दुसऱ्याच्या कुरणात?"

"आपलं नेलं तेव्हा कुणी विचारलं होतं? आजोबांच्या आजोबांपासून नुसतं जातंच आहे. एकदा येऊ दे की, ताई."

तिनं खड्ड्यात वाकून पाहिलं. मग तिनं विचारलं, कोळसा आणला कुठून.

"तुझ्याच चुलीतला," तो म्हणाला.

कुरण कुणाचं ते ठरवायला सरकारी अधिकारी पाहणीला आले. पुकाराचा म्हातारा मेंढपाळही आला. माझ्या पायाशी उकरलं आणि कोळसा निघाला. म्हाताऱ्यानं तो हातात घेऊन पाहिला. त्यालाही लहानपणी तेच शिकवलं होतं. त्यानं टोपी काढली, सातुर्निनाकडे एकदा बघितलं आणि खालच्या मानेनं निघून गेला. सातुर्निना गप्प राहिली. बोलली असती तर भाऊ तुरुंगात गेला असता. त्यांना ऐकू जाईल अशी जीभ मलाही नव्हती, मित्रांनो. त्या दिवशी मला जिभेची फार गरज वाटली.

रस्ता झाला. लादिस्लाओला खांद्यावर घेऊन मिरवलं. मग कुरणात तलाव खोदला, खालच्या बाजूला मातीचा बांध घातला आणि त्यात खाणीचा गाळ पडू लागला. पहिल्या वर्षी झऱ्याचं पाणी पिवळं झालं. दुसऱ्या वर्षी त्याला गंजाचा वास आला आणि लामा जनावरांची पिल्लं मेलेली जन्मू लागली. सातुर्निनानं पाट बंद केले आणि भावाला हाताला धरून जिल्ह्याच्या कचेरीत नेलं. दोघांनी सगळं खरं सांगितलं. कुरण आमचं नाही, परवानगी द्यायचा आम्हाला हक्क नव्हता, बांध काढा. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "कोळसा खोटं बोलत नाही, हे तुमचीच पोरं ओरडून सांगतात. आता जास्त पैसे हवे असतील तर तसं बोला."

लादिस्लाओनं त्यानंतर काठी हातात धरली नाही.

परवाच कार्निव्हल झाला. मुलं वर आली. माळ घातली, कपाळं टेकवली. सातुर्निनानं विचारलं, खाली काय आहे. कोळसा, मुलं ओरडली. तो काय करतो? कुजत नाही, चालत नाही, खोटं बोलत नाही. मुलांनी मक्यासाठी हात पुढे केले. पण तिनं मका दिला नाही.

"कुणाच्या चुलीतला?" तिनं विचारलं.

हा प्रश्न कुणाला शिकवलेला नव्हता.

"माझ्या," ती म्हणाली. "म्हणा, सातुर्निनाच्या चुलीतला. पुढच्या वर्षी मी नसले तरी म्हणायचं." मुलांनी म्हटलं. लादिस्लाओ मागे उभा होता, त्यानंही म्हटलं. मग तिनं सगळ्यांना मका वाटला.

मित्रांनो, दगडाला जपा असं मी म्हणणार नाही, दगड पुष्कळ मिळतात. जो तुमच्या वतीनं खरं बोलतो, त्याच्या तोंडात खोटं घालू नका. ज्या दिवशी तुम्हाला त्याची खरी गरज पडेल, त्या दिवशी तो तुमच्याच विरुद्ध साक्ष देईल.

आणि आता उठा. मघापासून मी बांधाकडे बघतोय. डाव्या अंगाला सकाळी ओल होती, आता तिथून पाणी वाहतंय, आणि ते गढूळ आहे, म्हणजे बांधाची मातीच सुटतेय. खाली सातुर्निना झऱ्यापाशी वाकलेली आहे, तिला इथलं काही दिसत नाही. मी जागचा हलू शकत नाही, आणि हललो तेव्हा काय झालं ते तुम्ही ऐकलंत. तुम्हाला पाय आहेत. पळा.