काचेखालचं पान

बेटावर आता तिकीट काढून जाता येतं. आधी तिथे तोफा होत्या, मग बराकी झाल्या, मग युद्ध आलं आणि बेटापासून किनाऱ्यापर्यंत, बंदराच्या तोंडावर, पाण्यात लोखंडी जाळं बसवलं. सूर्य मावळला की जाळं बंद. बाहेर कोणी का असेना, सकाळपर्यंत उघडायचं नाही. पुढे लष्कर गेलं, गवत माजलं, आणि आता बराकीत संग्रहालय आहे. त्याची मांडामांड माझ्याकडे. लोकांना तोफेवर पोरं बसवून फोटो काढण्यातच रस, पण मला पगार इतिहासाचा मिळतो.

जाळं ओढायच्या रहाटावर माझे काका होते, बाबांचे धाकटे भाऊ. बाबा मासेमारी करायचे. मी चार वर्षांची असताना, आभाळ भरून आलेलं असताना, ते आईशी कडाडून भांडले आणि बोट घेऊन निघाले. "पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही," म्हणाले, आणि खरंच परत आले नाहीत. ना बोट सापडली, ना बाबा. सगळ्यांनी काकांना विचारलं. ते म्हणाले, "जाळ्यापाशी कोणी आलं नव्हतं." मग काय, गल्लीला चघळायला विषय मिळाला: दुसऱ्या बंदरात दुसरा संसार थाटला असणार! आई कुणाला उलटून बोलली नाही. तिलाही तेच वाटत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

काकांनी आमचं सगळं केलं. माझी शाळा, छपराचे पत्रे, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. मी त्यांना देवमाणूस म्हणायचे.

गेल्या महिन्यात दारूगोळ्याच्या जुन्या कोठारात जाळ्यावरच्या पहाऱ्याच्या वह्या सापडल्या. मी ती तारीख काढलीच. काकांचं गोल गोल अक्षर: "सहा दहा. जाळं बंद. सहा पंचवीस. बाहेर बोट. भोंगा, दोन आखूड, एक लांब. चार वेळा. हुकमाप्रमाणे उघडलं नाही. सहा पन्नास. आवाज नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन जाब विचारायला हवा होता. मी तसं केलं नाही. वही त्याच पानावर उघडून काचेखाली ठेवली आणि नव्या दालनाच्या उद्घाटनाला आई आणि काका दोघांना बोलावलं. होय, मुद्दाम. वाचू दे अख्ख्या शहराला.

आई काकांचा हात धरून पायऱ्या चढली. काचेपाशी आल्यावर काका पांढरेफटक पडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला माझीच लाज वाटली. पण तोवर आई चष्मा पुसून वाकली होती.

"दोन आखूड, एक लांब," ती म्हणाली. "हा तर यांचा भोंगा. मी जेवण गरम करायला घ्यावं म्हणून वाजवायचे."

"वहिनी, हुकूम होता," काका म्हणाले. "मी ओळखला होता. मला वाटलं, दादा आहे, सकाळपर्यंत तग धरेल. नंतर सांगायला तोंडच नव्हतं मला."

आता आई रडेल, नाहीतर काकांना चार शब्द सुनावेल, असं मला वाटलं. ती पानाकडेच बघत होती.

"म्हणजे ते घरी येत होते," ती म्हणाली.

मागे रांग थांबली होती. कोणीतरी खाकरलं.

"चाळीस वर्षं, भावोजी. जाळं नाही उघडलंत, ते मी समजू शकते. पण ते येत होते, एवढं मला सांगायला कुणाचा हुकूम आड आला?"

मी घाईघाईने काचेवर कापड टाकायला गेले.

"राहू दे गं," आई म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.